खळ्यावरचा बावटा

मे महिना सरायला आला की धसईच्या बाजारात सुक्या मासळीचा वास भरून राहतो. बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या, खारवलेले बांगडे. बायका टोपल्या भरून नेतात, घरी उन्हात पुन्हा एकदा वाळवतात आणि डब्यांत दडपून ठेवतात. आवणीच्या दिवसांत चिखलातून दमून घरी आल्यावर भाकरीसोबत हेच कालवण. ही बेगमी करायची ती समुद्र बंद होणार म्हणून. धसईत उभं राहून समुद्र दिसत नाही. पश्चिमेला मुरबाड, कल्याण, खाडी आणि मग मुंबई, असा सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरचा पल्ला. पूर्वेला सह्याद्रीचा कडा. तरी आमच्या चुलीवर पावसाळ्यात काय शिजणार, हे कोळ्याची होडी कधी ओढून ठेवली जाते त्यावर ठरतं.

मी धसईचा. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि घरची भातशेतीही केली. समुद्रावरच्या हवामानाचा इतिहास बंदरांच्या आणि बोटींच्या बाजूने लिहिला गेला आहे, आणि ते रास्तच आहे, कारण जीव तिथे गेले. पण त्या इतिहासात भात पिकवणाऱ्या गावांचाही हिस्सा आहे. तो कुणी मांडलेला माझ्या वाचनात आला नाही, म्हणून मांडतो.

सुरुवात आमच्या ईशान्येच्या डोंगरापासूनच करतो. वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनांचा रस्ता. वरच्या गुहेत नागनिकेचा शिलालेख आहे, पाण्याची टाकी खोदलेली आहेत, आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण आहे, ज्यात जकात टाकत असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. जुन्नरचा माल या घाटाने उतरून कल्याणला आणि सोपाऱ्याला जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात या दोन्ही बंदरांची नावं आहेत. इजिप्तहून हिंदुस्थानला जायचं तर जुलैच्या सुमाराला निघावं, असं त्यात सांगितलं आहे. नैर्ऋत्येचा वारा पाठीशी घेऊन जहाज अरबी समुद्र ओलांडी आणि पाऊस ओसरताना आपल्या किनाऱ्याला लागे. परत जायला डिसेंबर-जानेवारीचा ईशान्य वारा. म्हणजे नाणेघाटात बैलांची आणि गाढवांची गर्दी कधी व्हायची, हे समुद्रावरचा वारा ठरवत होता. आमचा मुलूख तेव्हापासून त्या वाऱ्याच्या वेळापत्रकाला बांधलेला आहे.

पण ऋतू ठाऊक असणं वेगळं आणि परवा काय होणार ते आज कळणं वेगळं. परवाचं कळण्यासाठी माणसाने आपल्या परीने खूप धडपड केली. आमचे आजोबा पंचांग उघडून मृगाचं वाहन कोणतं, आर्द्राचं कोणतं ते बघत. बेडूक, म्हैस, हत्ती आला की पाऊस चांगला. उंदीर, गाढव आलं की चिंता. कोळ्यांची नजर याहून धारदार. मतलई वारा पहाटे सुटला का, खारा वारा दुपारी वेळेवर आला का, पाण्याचा रंग गढूळ झाला का, हे ते बघतात. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वारा नसताना लांब, संथ, जड लाटा किनाऱ्यावर येऊ लागल्या की अनुभवी तांडेल होडी काढत नाही. यामागे पक्कं शास्त्र आहे. वादळ जिथे असतं तिथे उठलेल्या लाटा वादळापेक्षा वेगाने पुढे धावतात. शेकडो किलोमीटर दूरचं वादळ आधी आपली लाट पाठवतं. ज्याने हे ओळखलं त्याला तारेशिवाय तार मिळाली. मात्र ती समुद्राकाठच्यालाच मिळते. धसईला लाट येत नाही.

आता मुंबईकडे वळू. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. बोटींना अचूक वेळ हवी होती आणि ताऱ्यांचे वेध घ्यायचे होते. हवामानाच्या नियमित नोंदी तिथे १८४१ पासून सुरू झाल्या, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. त्यांच्या हाताखाली काम करत होता केरो लक्ष्मण छत्रे नावाचा नागावचा एक विलक्षण हुशार मुलगा. पुढे टिळक-आगरकरांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. वेधशाळेचा कारभार काही काळ ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांच्याही हाती होता. वृत्तपत्राचा पहिला मराठी संपादक आणि हवेच्या दाबाची नोंद, या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आलेल्या पाहून मला मनापासून आनंद होतो. वर्गात मी हे मुलांना दर वर्षी सांगितलं. वायुभारमापकातला पारा दर तासाला वाचून लिहून ठेवायचा, रात्री-बेरात्री, पावसात, तापात. असली न थकणारी नोंद हीच पुढच्या सगळ्या अंदाजांची पुंजी ठरली.

नोंदीचा इशारा व्हायला दोन गोष्टी लागल्या. एक तारायंत्र, दुसरी म्हणजे मोठी जीवितहानी. ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं, हजारो माणसं बुडाली, आणि पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरासाठी वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्या हाताखाली हिंदुस्थानचं हवामान खातं सुरू झालं. आपल्या किनाऱ्याची पाळी आली १८८० मध्ये: मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार आणि कुमठा. १८८६ पर्यंत देशातली सगळी बंदरं या व्यवस्थेत आली, आणि १८९८ पासून सगळीकडे एकसारख्या खुणा ठरल्या.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ६ जून १८८२ ला मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन एक लाख माणसं मेली, असं पुष्कळ पुस्तकांत आणि याद्यांत छापलेलं आहे. मीही ते वाचलेलं होतं. अलीकडे अभ्यासकांनी वेधशाळेच्या नोंदी आणि त्या काळची वर्तमानपत्रं तपासली. असलं वादळ झालंच नव्हतं. कुलाब्याच्या वेधशाळेपासून हाकेच्या अंतरावर एक लाख माणसं मरतील आणि तिच्या वहीत त्याचा मागमूस नसेल, हे शक्यच नाही. खोट्या वादळाने खऱ्या वादळांची आठवण झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं. कारण खरी वादळं आली होती आणि त्यांची नावंसुद्धा आपण विसरलो.

या व्यवस्थेतली सर्वसामान्यांना दिसणारी वस्तू म्हणजे बावटा. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा’ ही ओळ मराठी वर्तमानपत्रांत आजही छापून येते. प्रत्यक्षात तो कापडाचा झेंडा नसतो. दिवसा उंच काठीवर शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या खुणा चढवतात, रात्री लाल आणि पांढरे दिवे. त्यांचे नंबर अकरा. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे, बंदराला अजून थेट धोका नाही, पण बाहेर जाणाऱ्या बोटींनी जपावं. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदरालाच वादळी वाऱ्याचा त्रास होऊ शकतो. पाच, सहा, सात धोक्याचे. वादळ बंदराच्या डाव्या अंगाने जाईल, उजव्या अंगाने, की माथ्यावरून, त्यावर नंबर ठरतो. आठ, नऊ, दहा महाधोक्याचे.

आणि अकरावा? अकरावा सांगतो, की इशारा देणाऱ्या कचेरीशी आमचा संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याच्या मते हवा वाईट होणार आहे. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांना एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं, की वादळ सगळ्यांत आधी तार तोडतं. म्हणून त्यांनी तार तुटल्याचीही खूण ठरवून ठेवली. या एका नंबरासाठी मी त्या अनाम माणसांना मानतो. पुढे जे जे अपघात झाले त्यांत इशारा नव्हता असं क्वचितच घडलं. इशारा आणि माणूस यांच्यामधली शेवटची मैलभर वाट तुटलेली होती.

वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातून वाहते. आज तिच्यावर मोडक सागर आहे आणि मुंबई तिचं पाणी पिते. हिचं नाव दिलेली एक आगबोट होती. विजेच्या दिव्यांनी झगमगायची म्हणून गुजराती लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. तिच्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ मांगरोळच्या आसपास ती वादळात सापडली आणि सातशेहून जास्त माणसांसह नाहीशी झाली. एक फळीसुद्धा हाती लागली नाही. चौकशीत निघालं, की बोटीवर पुरेशा होड्या आणि जीवरक्षक साधनं नव्हती. तेव्हा बावट्याची पद्धत सगळ्या बंदरांत आलेली होती. पण बिनतारी संदेश अजून जन्मायचा होता. बोटीने एकदा बंदर सोडलं की काठीवरचा बावटा तिच्या काय कामाचा?

पुढे बिनतारी संदेश आला. जहाजं समुद्रातूनच वाऱ्याचा, दाबाचा, लाटांचा अहवाल कळवू लागली, आणि मग एक विचित्र अडचण उभी राहिली. इशारा जसजसा चांगला होऊ लागला तसतशी शहाणी जहाजं वादळापासून दूर पळू लागली. जिथून अहवाल हवा तिथेच अहवाल पाठवायला कुणी उरेना. वादळाचं केंद्र नकाशावर आजूबाजूच्या जहाजांवरून अंदाजाने मांडावं लागे. उपग्रह येईपर्यंत उष्ण कटिबंधातल्या सगळ्या समुद्रांत ही पोकळी राहिली. या पोकळीत कोकणची छोटी प्रवासी जहाजं सापडत. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या एकाच कंपनीच्या दोन बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी कोकण किनाऱ्यावर वादळात बुडाल्या. तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

त्याच कंपनीची तिसरी बोट ‘रामदास’. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सकाळी आठला ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली. सणाला घरी निघालेले गिरणगावातले कामगार, बायका, मुलं. हे अंतर थोडकं, नेहमीचं. काश्याच्या खडकाजवळ वाऱ्यापावसाने गाठलं, एका मोठ्या लाटेने बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि ती उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई बंदराच्या तोंडाशी, शहराच्या नजरेच्या टप्प्यात एवढं घडलं, आणि मुंबईला ते कळलं दुपार उलटून गेल्यावर, जीवरक्षक कड्याला धरून तरंगत गेटवेपर्यंत पोचलेल्या बारकू मुकादम या लहान मुलाकडून. त्याआधी वाचवायला गेले ते रेवसकडचे कोळी, मासळी विकायला निघालेले. त्यांनी जाळ्यांतली मासळी समुद्रात टाकली आणि माणसं मचव्यात घेतली. तारेच्या, वेधशाळेच्या, बावट्याच्या साठ-सत्तर वर्षांच्या खटाटोपानंतरही त्या दिवशी बातमी पोचवली ती एका मुलाच्या हातापायांनी. मी हा प्रसंग सांगायचो तेव्हा वर्ग शांत व्हायचा, आणि मलाही पुढचं बोलायला वेळ लागायचा.

‘रामदास’ पावसाळ्यात बुडाली, पण आपल्या समुद्रातली खरी चक्रीवादळं भर पावसाळ्यात येत नाहीत. याचं कारण समजून घेणं शेतकऱ्याच्या कामाचं आहे. चक्रीवादळाला दोन गोष्टी लागतात. समुद्राचं पाणी साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं हवं, आणि खालच्या व वरच्या थरांतला वारा एकमेकांविरुद्ध ओढणारा नको. जुलै-ऑगस्टमध्ये खाली नैर्ऋत्येचा जोरकस वारा आणि वर पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत, अशी ओढाताण असते. वादळाचा मनोरा उभा राहायच्या आधीच तिरपा होऊन मोडतो. ही ओढाताण नसते ती पावसाळ्याच्या आधी, मे-जूनच्या आरंभी, आणि नंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. अरबी समुद्रातली मोठी वादळं या दोन फटींतून येतात.

आता या दोन फटी आमच्या कामाच्या दिनदर्शिकेवर ठेवून बघा. मे अखेर म्हणजे राब भाजून तयार, धूळपेरणीची घाई, पेंढ्याची झाकणी. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे भातकापणी. कापलेलं भात खाचरात दोन-तीन दिवस वाळायला पसरायचं, मग भारे बांधायचे, खळ्यावर आणून उडवी रचायची आणि सवडीने झोडणी. वर्षाची सगळी मेहनत उघड्यावर, आभाळाखाली पडलेली असते ती नेमकी याच पंधरा-वीस दिवसांत. समुद्रात ज्या आठवड्यात बोटी बुडतात त्याच आठवड्यात आमचं भात खळ्यावर असतं. बंदराला बावटा मिळाला १८८० मध्ये. पुण्यात शेतीच्या हवामानाचा विभाग निघाला १९३२ मध्ये, आणि आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाची पत्रकं सुरू झाली १९४५ मध्ये. मधली पासष्ट वर्षं! व्यापारी माल पाण्यावर होता म्हणून त्याला आधी इशारा मिळाला, आणि पिकलेलं धान्य खाचरात होतं म्हणून त्याला उशिरा. हा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि १९४५ नंतरही धसईत रेडिओ किती घरांत होता?

१९४८ च्या नोव्हेंबरात, एकवीस-बावीस तारखेला, चक्रीवादळ थेट मुंबईवर आलं. आमच्या घरात त्या सालाला साल म्हणत नसत, ‘उडवी उडाली ते वर्ष’ म्हणत. वडील सांगत, की रात्रभर वारा होता, सकाळी भारे शेजारच्याच्या खाचरात, ओढ्यात, बाभळीच्या झाडावर. कुणाचा भारा कुणाचा हे ओळखता येईना, तेव्हा सगळ्यांनी मिळून गोळा केले आणि वाटून घेतले. बातमी आली नव्हती. वादळ कुठून आलं, कधी निघालं, काही नाही. आला तो वाराच.

मग माझ्या डोळ्यांदेखत २००९. तारीख ११ नोव्हेंबर, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ची तारीख. ‘फयान’ हे चक्रीवादळ दोन दिवस आधी लक्षद्वीपजवळ कमी दाबाच्या क्षेत्रातून वाढलं, किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकलं, मग ईशान्येला वळून अलिबाग आणि मुंबईच्या मधून जमिनीवर चढलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गकडचे अनेक मच्छिमार परत आले नाहीत. आमच्याकडे अर्धी कापणी झालेली होती. पसरलेलं भात पाण्यात तरंगलं, भाऱ्यांना मोड आले, पेंढा कुजला, त्यामुळे गुरांचंही वर्ष गेलं. आदल्या दिवशी रेडिओवर ‘मच्छिमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य लागलं होतं. आमच्या आळीत ते सगळ्यांनी ऐकलं. त्या वाक्यात खळ्याचं नाव नव्हतं, आणि समुद्राचं वाक्य खळ्याला लागू होतं हे आमच्याकडे कुणी कुणाला कधी शिकवलेलं नव्हतं.

२०१९ ने तर अजून मोठा धडा दिला. ऑक्टोबरच्या अखेरीला ‘क्यार’ अरबी समुद्रात महाचक्रीवादळ झालं. २००७ च्या ‘गोनू’ नंतरचं पहिलं. ते आपल्या किनाऱ्याला शिवलंच नाही, ओमानच्या दिशेने गेलं. तरी त्याने ओढलेल्या ढगांनी ठाणे, पालघर, रायगडच्या खाचरांत दिवाळीत पाऊस ओतला. मागोमाग ‘महा’. वादळ शेकडो किलोमीटर दूर, किनाऱ्यावर पडझड नाही, आणि कोकणातलं भात मात्र आडवं. समुद्र आपल्याला भिजवायला आपल्या दारी यावा लागत नाही.

अंदाजाचं काम मात्र या साठ वर्षांत खरोखर थोर झालं आहे. १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची मोहीम केली, आणि तिचं आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र कुलाब्यालाच होतं. जुन्या वेधशाळेच्या आवारात साऱ्या जगाचे हवामानशास्त्रज्ञ नकाशे काढत बसले. १९६९ मध्ये फिंडलेटर यांनी केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत दीडेक किलोमीटर उंचीवरून धावणारा वाऱ्याचा अरुंद झोत दाखवून दिला; नाणेघाटाच्या व्यापाऱ्यांना आणि आमच्या आवणीला पोसणारा वारा तो हाच. १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१बी’ वर गेला आणि मघाची ती पोकळी भरली. वादळ जन्मल्यापासून डोळ्यांसमोर राहू लागलं. २००४ पासून या समुद्रातल्या वादळांना सभोवतालच्या देशांनी दिलेली नावं ठेवतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था लाटांची उंची आणि मासळीच्या जागा कळवते. सध्याचं पत्रक उघडलं तर सोसाट्याचा वारा ताशी किती, त्याचा झोत किती, समुद्र खवळलेला की अतिखवळलेला, हे भागाभागाने लिहिलेलं असतं.

याची फळं दिसली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेला चढलं. रायगडची नारळी-पोफळीची बागायत उद्ध्वस्त झाली, पण किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवलेली होती. आमच्याकडे त्या दिवशी पेंढा झाकलेला होता, गुरं आत होती, दारं-खिडक्या बांधलेल्या होत्या. धसईला एखादं वादळ येण्याआधी कळलं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, ‘तौक्ते’ मुंबईच्या समुद्रातून उत्तरेला जात असताना कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि तेलक्षेत्रातला पी-३०५ हा तराफा नांगर तुटून बुडाला. त्यावर अडीचशेहून जास्त माणसं होती. सत्तराहून जास्त गेली. वादळाची सूचना काही दिवस आधी निघालेली होती. ‘वैतरणा’ला सांगायला यंत्र नव्हतं, ‘रामदास’ला ऐकायला यंत्र नव्हतं. २०२१ मध्ये सगळी यंत्रं होती. शेवटची मैलभर वाट तरीही तुटली.

ती वाट आता जास्त महत्त्वाची होणार आहे. पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळं तर अरबी समुद्रात एक, असं आम्ही शिकवायचो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं, की १९८२ ते २००० या काळापेक्षा २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे. नोव्हेंबर कोरडा जाईल हा आमच्या पूर्वजांचा भरवसा होता, त्यावर खळं उघड्यावर सारवण्याची पद्धत बसली. तो भरवसा आता धरता येत नाही.

म्हणून माझ्या धसईच्या, पळूच्या, सोनावळ्याच्या, टोकावड्याच्या आणि पलीकडच्या शहापूरच्या शेतकऱ्यांना कळकळीने सांगतो. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो मराठीत मिळतो, तो वाचाच. पण ऑक्टोबर उजाडला की त्यासोबत हवामान खात्याचं समुद्राचं पत्रकही वाचा, ते मच्छिमारांचं आहे असं समजून सोडू नका. लक्षद्वीपजवळ किंवा आग्नेय अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र दिसलं की तीन-चार दिवस कापणी थांबवा. कापलेलं असेल तर ओलं का असेना, ओटीवर घ्या. ज्याच्या घरी मोबाईल आहे त्याने ज्याच्या घरी नाही त्याच्या दारात जाऊन हे सांगावं, आदिवासी पाड्यांवर तर आधी सांगावं. आणि ग्रामपंचायतीने बाजारात एक फळा लावावा. भात खळ्यावर असेल त्या दिवसांत मुंबई बंदरावर कितवा बावटा आहे, हे रोज सकाळी त्यावर खडूने लिहावं. लिहायचं काम शाळेतल्या मुलांना द्या. ती चुकवणार नाहीत.